सकाळी आठला, उपाशीपोटी: टेस्टोस्टेरॉनची पहिली ओळख

संध्याकाळी साडेपाचला एक गृहस्थ आमच्या कलेक्शन सेंटरवर येतात. हातात चिठ्ठी, तीवर एकच ओळ: टोटल टेस्टोस्टेरॉन. "ताई, आत्ताच घ्या रक्त. ऑफिसातून थेट आलोय, वाटेत एक कचोरी तेवढी खाल्ली." मी सुई हातात घेत नाही. "उद्या सकाळी आठला या, दादा. उपाशीपोटी. आत्ता घेतलं तर आकडा आहे त्याहून कमी येईल आणि तुम्ही उगाच काळजीत पडाल."

इंदूरमध्ये पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करायला लागून मला बावीस वर्षं झाली. सुरुवातीला ही तपासणी महिन्यातून एखादी यायची. आता सुदामा नगर, राजेंद्र नगरपासून विजय नगरपर्यंत सगळीकडून तरुण मुलं येतात, कित्येकदा डॉक्टरांना न भेटताच. कोणी थकलेला असतो, कोणाचं लग्न ठरलेलं असतं, कोणाला जिममध्ये कोणीतरी काहीतरी सांगितलेलं असतं. मी डॉक्टर नाही. नमुना घेणं, मशीन चालवणं, रिपोर्ट पडताळणं हे माझं काम. उपचार डॉक्टरांनीच ठरवायचे. पण त्यांच्याकडे जाण्याआधी आणि औषधाच्या दुकानात जाण्याच्या तर फारच आधी जे माहीत असायला हवं, ते इथे क्रमाने सांगते.

हे आहे तरी काय

वळू आणि बैल यांतला फरक गावाकडच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. एकाच जातीचा, एकाच दावणीचा प्राणी. पण खच्ची केल्यावर त्याची मान, वशिंड, स्वभाव सगळंच बदलतं. वृषणांत असं काहीतरी आहे जे अंगभर काम करतं, हे माणसाला फार जुन्या काळापासून ठाऊक होतं. ते 'काहीतरी', म्हणजे टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक (हार्मोन), हातात आलं १९३५ मध्ये. ॲमस्टरडॅममध्ये अर्न्स्ट लाकर यांच्या चमूने वळूंच्या वृषणांतून ते शुद्ध स्वरूपात वेगळं काढलं. त्याच वर्षी आडॉल्फ बुटेनांट आणि लिओपोल्ड रुझिचका यांनी ते स्वतंत्रपणे प्रयोगशाळेत तयार केलं. त्या दोघांना १९३९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

दाढी, जाड आवाज, लैंगिक इच्छा ही त्याची सर्वांना माहीत असलेली कामं. कमी माहीत असलेली अशी: हाडांची घनता टिकवणं, स्नायू भरणं, अस्थिमज्जेला लाल पेशी बनवायला लावणं, शुक्राणू तयार करण्यात हातभार लावणं, मन उत्साही ठेवणं. कारण न सापडणारा पुरुषांतला ॲनिमिया किंवा साध्या पडण्याने मोडलेलं हाड, यांच्या मुळाशी कधी कधी हेच संप्रेरक कमी असतं. ते बायकांच्या शरीरातही असतं, बीजकोशांतून आणि मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथींतून येतं. प्रमाण मात्र पुरुषांच्या दहाव्या-विसाव्या हिश्श्याएवढं.

आता यंत्रणा. ही नीट कळली की पुढचं सगळं सोपं जातं, म्हणून इथे थोडा वेळ घालवते. आपल्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं आणि गच्चीवरच्या टाकीत बॉलकॉक असतो. पाणी खाली गेलं की गोळा उतरतो, नळ उघडतो; टाकी भरली की गोळा वर येतो, नळ बंद. शरीरातही असंच आहे. मेंदूतला हायपोथॅलॅमस थांबून थांबून इशारा देतो, त्यावर पिच्युटरी ग्रंथी एलएच नावाचं संप्रेरक सोडते, एलएच वृषणांतल्या लेडिग पेशींना कामाला लावतं आणि त्या कोलेस्टेरॉलपासून टेस्टोस्टेरॉन बनवतात. रक्तातली पातळी वाढली की मेंदूला कळतं आणि तो हात आखडता घेतो. पिच्युटरीच एफएसएचही सोडते, ते शुक्राणूंच्या कामाचं.

विचार करा, कोणी वरून टँकरचं पाणी टाकीत ओतलं तर? गोळा वर जाईल आणि नर्मदेचा नळ बंद होईल. हे चित्र लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पहिली पायरी: लक्षणं ओळखा, थकवा एकटा पुरेसा नाही

थकवा, चिडचिड, लक्ष न लागणं या तक्रारींनी बहुतेक जण येतात. या तक्रारी थायरॉइडच्या आहेत, हिमोग्लोबिनच्या आहेत, बी-१२ च्या आहेत, साखरेच्या आहेत, नैराश्याच्या आहेत आणि रात्री दीडला झोपण्याच्याही आहेत. युरोपातल्या आठ केंद्रांवर ४० ते ७९ वयाच्या तीन हजारांहून अधिक पुरुषांची पाहणी झाली, ती २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. कमी टेस्टोस्टेरॉनशी सर्वांत पक्कं नातं निघालं ते तीन लैंगिक लक्षणांचं: इच्छा मंदावणं, पहाटे आपोआप येणारी ताठरता कमी होणं आणि एरवीही ताठरता न टिकणं. तिन्ही लक्षणं आणि सोबत खरोखर कमी आकडा, अशी कसोटी लावली तेव्हा त्यात बसणारे पुरुष निघाले केवळ २.१ टक्के. वय वाढतं तशी पातळी थोडी उतरतेच, तिशी-चाळिशीनंतर वर्षाला साधारण एक टक्का. ते वाढत्या वयाचं आहे, आजाराचं नाही.

इथे एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. रेल्वे रुळांलगतच्या भिंतींवर 'गुप्त रोग'वाल्यांच्या जाहिराती आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. त्या वाचून वाढलेली मुलं माझ्यासमोर बसून खाली मान घालून विचारतात, स्वप्नदोषामुळे, हस्तमैथुनामुळे शक्ती गेली असेल का? नाही. वीर्य बाहेर जाण्याने टेस्टोस्टेरॉन संपत नाही, हाडं पोकळ होत नाहीत, पुरुषत्व जात नाही. या भीतीने माणूस खरोखर थकतो, सुकतो, आणि तिला वैद्यकात नावही आहे: डॉ. एन. एन. विग यांनी १९६० मध्ये तिला 'धात सिंड्रोम' म्हटलं. त्यावर उपाय मानसोपचारतज्ज्ञाकडे आहे, तंबूतल्या पुडीत नाही.

दुसरी पायरी: तपासणी योग्य वेळी करा

टेस्टोस्टेरॉन दिवसभर सारखं नसतं. झोपेत चढतं, पहाटे-सकाळी शिखरावर असतं, संध्याकाळपर्यंत उतरतं. तरुणांत हा फरक २०-२५ टक्क्यांचा असू शकतो. गोड खाल्लं की आणखी घसरतं; ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून केलेल्या तपासणीत सरासरी घट २५ टक्क्यांच्या आसपास आढळली आहे. म्हणजे पोहे-जलेबी खाऊन दुपारी तपासणीला आलेला धडधाकट माणूसही कागदावर 'लो' ठरू शकतो.

म्हणून सकाळी सात ते दहाच्या दरम्यान, उपाशीपोटी, आदल्या रात्री नीट झोप घेऊन या. पाणी चालेल, चहा नको. ताप येऊन गेला असेल, डेंग्यू झाला असेल, ऑपरेशन झालं असेल तर काही आठवडे थांबा. आजारपणात शरीर स्वतःच हा नळ बारीक करतं. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर आम्हाला आधी सांगा. काही मशीनवर बायोटिनमुळे आकडा खोटा वाढून येतो, आणि हे सहसा कोणी विचारतही नाही.

पहिला आकडा कमी आला तर दुसऱ्या एखाद्या सकाळी पुन्हा रक्त द्या. दोन वेगवेगळ्या सकाळचे दोन कमी आकडे मिळाल्याशिवाय कोणतेही जबाबदार डॉक्टर निदान करत नाहीत. दोन्ही वेळा लॅब एकच ठेवा.

तिसरी पायरी: रिपोर्ट वाचा, पण एकट्याने निकाल लावू नका

आपल्याकडे आकडा बहुधा नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये देतात. काही लॅब नॅनोमोल प्रति लिटर देतात, त्याला २८.८ ने गुणलं की आपला नेहमीचा आकडा मिळतो. लठ्ठ नसलेल्या १९ ते ३९ वयाच्या पुरुषांसाठी २०१७ मध्ये ठरवलेली मर्यादा २६४ ते ९१६ अशी आहे. पुष्कळ डॉक्टर ३०० ही खालची रेघ मानतात. ३५० आणि ७५० यांतला माणूस कमी-जास्त मर्द नसतो. दोघंही ठीक आहेत. आकडा जितका जास्त तितकं बरं, ही समजूत जिमच्या आरशासमोर जन्माला आली आहे, आमच्या प्रयोगशाळेत नाही.

रक्तातलं बहुतेक टेस्टोस्टेरॉन प्रथिनांना चिकटलेलं असतं, काही एसएचबीजी नावाच्या प्रथिनाला घट्ट, काही अल्ब्युमिनला सैल. पूर्ण मोकळं असतं साधारण दोनच टक्के. पोट सुटलेल्या माणसात एसएचबीजी कमी असतं, त्यामुळे टोटल आकडा कमी दिसतो पण मोकळं टेस्टोस्टेरॉन पुरेसं असू शकतं. आकडा सीमेवर असेल तर डॉक्टर एसएचबीजी मागवतात ते यासाठी. सोबत एलएच आणि एफएसएच लागतंच. टेस्टोस्टेरॉन कमी आणि एलएच वाढलेलं, तर बिघाड वृषणांत: लहानपणानंतर झालेल्या गालगुंडांची सूज, मार लागणं, किंवा क्लाइनफेल्टर ही जन्मजात स्थिती, जी अनेकदा मूल होत नाही म्हणून तपासल्यावरच कळते. दोन्ही कमी, तर वर मेंदूकडे पाहावं लागतं. अशा वेळी प्रोलॅक्टिन हे पिच्युटरीचं दूध आणणारं संप्रेरकही तपासतात. सोबत डोकेदुखी असेल, बाजूचं दिसेनासं झालं असेल, छातीतून दूधासारखा स्राव येत असेल, तर थेट एंडोक्रिनोलॉजिस्टकडे, म्हणजे संप्रेरकांच्या तज्ज्ञाकडे, जा. हे घरी सुधारण्यासारखं नाही.

चौथी पायरी: घेत असलेल्या औषधांची यादी करा

ही पायरी छोटी आहे पण तिने कित्येकांचं कोडं सुटतं. दीर्घकाळ घेतलेलं प्रेडनिसोलोनसारखं स्टिरॉइड, अफूवर्गीय वेदनाशामकं, काही मानसिक आजारांवरची औषधं टेस्टोस्टेरॉन खाली आणतात. रोजची जास्त दारूही तेच करते, कारण ती वृषणं आणि यकृत दोन्ही बिघडवते. औषध मनाने बंद करू नका. यादी डॉक्टरांसमोर ठेवा. तंबाखू-सिगारेटने हा आकडा फारसा उतरत नाही, पण रक्तवाहिन्या खराब होतात, आणि ताठरतेच्या तक्रारीचं मूळ पुष्कळदा वाहिन्यांतच असतं.

पाचवी पायरी: झोप

नैसर्गिक उपायांत मी हिला सर्वांत वर ठेवते. २०११ मध्ये शिकागो विद्यापीठात दहा निरोगी तरुणांना आठवडाभर रात्री पाचच तास झोपू दिलं. त्यांचं दिवसाचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्के घसरलं. आठवड्याभरात! माणसं दहाच होती हे खरं, पण दिशा स्पष्ट आहे आणि यंत्रणेशी जुळते: झोप लागल्यावरच पातळी चढू लागते, आणि झोप तुटक असेल तर ती चढण अर्धवट राहते.

आता आपलं इंदूर बघा. सराफ्यातली दागिन्यांची दुकानं बंद होतात आणि त्यांच्या ओट्यांवर खाण्याची दुकानं लागतात; भुट्ट्याचा कीस, गराडू, साबुदाण्याची खिचडी, रबडी, रात्री एक-दोनपर्यंत. हे आपलं वैभव आहे. पाहुणे आले की मीही घेऊन जाते. पण रोज रात्री बाराला तळलेलं खाऊन दीडला आडवं व्हायचं आणि सकाळी सहाला मुलांची शाळेची बस गाठायची, हा क्रम महिनोन्‌महिने चालवला तर रक्त ते सांगतं. सराफा शनिवारपुरता ठेवा. बाकीचे दिवस जेवण साडेआठ-नऊपर्यंत आटपा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, सात तास झोप मिळेल असं बघा. रात्रपाळी असेल तर दिवसा झोपण्याची खोली पूर्ण काळोखी करा आणि झोपेची वेळ रोज तीच ठेवा.

घोरण्याकडे मात्र दुर्लक्ष नको. जोरात घोरणं, मधेच श्वास थांबणं, गुदमरून जाग येणं, दिवसा डुलकी लागणं, हे झोपेत श्वास अडकण्याच्या आजाराचं लक्षण आहे. हे त्या माणसाला स्वतःला कळत नाही, शेजारी झोपणाऱ्याला कळतं. म्हणून वहिनींनो, तुम्हीच सांगा. कान-नाक-घसा किंवा छातीच्या डॉक्टरांकडे याची झोपेतली तपासणी होते.

सहावी पायरी: कमरेभोवती टेप गुंडाळा

वजनकाट्यापेक्षा टेप जास्त खरं बोलतो. खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता मापा. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर ही मर्यादा आहे, बायकांसाठी ८०. पोटावरच्या चरबीत ॲरोमाटेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं, ते टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करतं. शिवाय चरबीमुळे येणारा दाह आणि इन्सुलिनला न जुमानणारं शरीर मेंदूचा इशाराच मंद करतात. टेस्टोस्टेरॉन कमी झालं की स्नायू घटतात, चरबी वाढते, आणि चक्र फिरत राहतं. टाइप-२ मधुमेह असलेल्या पुरुषांत साधारण तिघांपैकी एकाचा आकडा कमी सापडतो तो यामुळेच.

आनंदाची गोष्ट ही की चक्र उलटंही फिरतं. आहार कमी करून वजन दहाएक टक्क्यांनी उतरवलेल्या पुरुषांत टेस्टोस्टेरॉन सरासरी ८० नॅनोग्रॅमच्या आसपास वाढलेलं आढळलं आहे. नव्वद किलोच्या माणसासाठी हे नऊ किलो झाले. सहा-आठ महिने लागतील. माझ्या पाहण्यातला, २८० वरून वर्षभरात ४१० वर आलेला एक दुकानदार आहे. त्याने फक्त शेव-नमकीनचा डबा गल्ल्यापासून उचलला, चहाची साखर सोडली आणि दुकानावर पायी जायला लागला.

सातवी पायरी: वजन उचला

जुनं इंदूर व्यायामशाळांचं शहर आहे. अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या निघतात तेव्हा त्यांच्यासोबत आखाड्यांची मुलं आपापले खेळ करत रात्रभर चालतात. जोर, बैठका, मुद्गल ही आपल्या आजोबांची भाषा होती. शास्त्रही आता तेच म्हणतं: मांड्या, पाठ, छाती अशा मोठ्या स्नायूंना ताण देणारा व्यायाम. त्याने टेस्टोस्टेरॉन तासाभरापुरतं वाढतं, ते फारसं महत्त्वाचं नाही. महत्त्वाचं हे की स्नायू वाढतात, पोट उतरतं, इन्सुलिन नीट काम करतं, झोप गाढ लागते.

नवख्याने असं सुरू करावं. पहिला महिना आठवड्यातून दोन दिवस: खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस दहादा, भिंतीवर किंवा ओट्यावर जोर दहादा, दोन हातांत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घेऊन गच्चीवर चालणं. प्रत्येकाच्या दोन-तीन फेऱ्या. दुसऱ्या महिन्यात तिसरा दिवस जोडा, खुर्ची काढा, जोर जमिनीवर मारा. बाकी दिवस नेहरू पार्क, मेघदूत किंवा पिपल्यापाळा, जी बाग जवळ असेल तिथे भराभर चाला. आठवड्याला दीडशे मिनिटं पुरतात. छातीत दुखण्याचा इतिहास असेल, रक्तदाब ताब्यात नसेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि अति करू नका. अर्धपोटी राहून रोज दोन-दोन तास धावणाऱ्या तरुणांचं टेस्टोस्टेरॉनही खाली येतं.

आठवी पायरी: ताट

यात सर्वांत जास्त गोंधळ आहे. तूप कोलेस्टेरॉल देतं, कोलेस्टेरॉलपासून टेस्टोस्टेरॉन बनतं, म्हणून तूप खा, असं सांगणारे खूप. शरीर लागणारं कोलेस्टेरॉल स्वतः तयार करतं. तेल-तूप जवळजवळ बंद करणाऱ्यांत पातळी थोडी उतरू शकते, पण वाटीभर तूप पिऊन ती चढत नाही. सोयाबीनने पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन घटतं, हाही गैरसमज. आपल्या माळव्याचं हे पीक निर्धास्त खा. डी जीवनसत्त्व कमी असेल तर हाडांसाठी जरूर भरून काढा, टेस्टोस्टेरॉनबाबत त्याचा फायदा सिद्ध झालेला नाही.

जस्ताची (झिंकची) गोष्ट मात्र खरी आहे, आणि ती एका भारतीय डॉक्टरांची आहे. बिहारमध्ये जन्मलेले, पाटण्याला शिकलेले डॉ. आनंद प्रसाद १९५८ मध्ये इराणमध्ये शिराझला होते. तिथे त्यांच्यासमोर एकवीस वर्षांचा एक तरुण आला, दिसायला दहा वर्षांच्या मुलासारखा; उंची खुंटलेली, लैंगिक वाढ झालेलीच नाही. त्याचं खाणं म्हणजे बिनाआंबवलेली गव्हाची रोटी, आणि माती. अशी मुलं गावोगाव होती. रोटीतलं फायटेट नावाचं द्रव्य जस्ताला धरून ठेवतं आणि ते शरीराला मिळतच नाही, हे पुढे सिद्ध झालं. जस्त दिल्यावर ती मुलं वाढली, वयात आली. पुढे १९९६ मध्ये प्रसादांनीच दाखवलं की तरुणांना पाच महिने जस्त कमी असलेला आहार दिला तर त्यांचं टेस्टोस्टेरॉन जवळपास चौथाईवर येतं.

आपण पोळी सोडायची गरज नाही. मोड आणल्याने, आंबवल्याने फायटेट कमी होतं. म्हणजे मटकीची उसळ, आंबोळी, ढोकळा ही आपली जुनी पाककलाच कामाला येते. तीळ, भोपळ्याच्या बिया, हरभरा, राजमा, काजू, अंडी, मटण यांत जस्त आहे. भारतीय पुरुषाला दिवसाला १७ मिलिग्रॅम लागतं. गोळ्या मनाने घेऊ नका, दिवसाला ४० च्या वर सतत गेलं की तांबं कमी पडून नवाच ॲनिमिया होतो. आणि ज्याला जस्त आधीच पुरेसं मिळतं, त्याचं टेस्टोस्टेरॉन गोळीने वाढत नाही.

प्रथिनांकडे बघा. सकाळचे पोहे आपले प्राण आहेत, पण नुसत्या पोह्यांत प्रथिनं थोडी. वर शेवेऐवजी मोड आलेले मूग आणि मूठभर शेंगदाणे टाका, किंवा बाजूला दोन उकडलेली अंडी, नाहीतर दही. सत्तर किलोच्या माणसाला दिवसाला साठेक ग्रॅम प्रथिनं लागतात.

नववी पायरी: पुड्या आणि डबे

देशातला अश्वगंधेचा मोठा पट्टा आपल्याच माळव्यात आहे, नीमच-मंदसौरला. मुळांचा बाजार नीमच मंडीत भरतो. त्यामुळे आपल्याकडे तिच्याविषयी आपुलकी आहे. काही छोट्या अभ्यासांत अश्वगंधेने ताण कमी झालेला आणि टेस्टोस्टेरॉन थोडं वाढलेलं दिसलं. पण अभ्यास छोटे आणि थोड्या काळाचे आहेत, आणि काही जणांना तिने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. थायरॉइडची गोळी चालू असेल, यकृताचा त्रास असेल तर घेऊच नका. घ्यायचीच तर शिकलेल्या वैद्यांना विचारून, ठरावीक दिवस. गोखरूने पुरुषांत टेस्टोस्टेरॉन वाढत नाही, असंच चाचण्यांतून पुन्हा पुन्हा निघालं आहे. शिलाजितबद्दलचा पुरावा तुटपुंजा. आणि 'शंभर टक्के आयुर्वेदिक, तासाभरात असर' म्हणणाऱ्या बिनानावाच्या कॅप्सूलमध्ये सिल्डेनाफिल हे ताठरतेसाठीचं ॲलोपॅथीचं औषध मिसळलेलं असू शकतं. छातीदुखीवर नायट्रेटची गोळी घेणाऱ्या हृदयरुग्णासाठी ते जिवावरचं आहे.

दहावी पायरी: इंजेक्शन, आणि माझा भाचा

हे लिहायला मला जड जातं, पण त्याच्या परवानगीने लिहिते. लग्नाला दोन वर्षं झाली, मूल नाही. माझ्या बहिणीने सुनेला एका डॉक्टरकडून दुसरीकडे नेलं. सोनोग्राफी, नळ्यांची तपासणी, संप्रेरकं, सगळं त्या पोरीचं. तिचं सगळं व्यवस्थित. शेवटी तिनेच हट्ट धरला की यांचीही तपासणी करा. रिपोर्टमध्ये शुक्राणू शून्य. एलएच मशीनला धड मोजताही येईना इतकं कमी. तेव्हा तो माझ्याकडे आला. "मावशी, तुला सांगायची लाज वाटत होती." तीन वर्षं तो जिममध्ये दर आठवड्याला टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घेत होता. जिममधल्या ज्या माणसाने दिलं, त्याने सांगितलं होतं, हे तर शरीरातलंच असतं, नैसर्गिक आहे.

टँकर आठवा. बाहेरून ओतलेलं टेस्टोस्टेरॉन रक्तात भरपूर होतं, म्हणून मेंदूने एलएच आणि एफएसएच दोन्ही बंद केले. दंड फुगले, वृषणं आकसली, शुक्राणू थांबले. हे इतकं खात्रीचं आहे की जागतिक आरोग्य संघटनेने पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून याच इंजेक्शनच्या चाचण्या घेतल्या होत्या. अशा चाचण्यांतल्या पुरुषांचे शुक्राणू इंजेक्शन थांबवल्यावर परतले: सहा महिन्यांत सुमारे दोन तृतीयांश जणांचे, वर्षभरात नव्वद टक्क्यांचे. पण त्यांचे डोस मोजलेले होते, जिममधले नसतात. भाच्याने एंडोक्रिनोलॉजिस्टच्या देखरेखीखाली थांबवलं. पहिले तीन महिने उदासी, थकवा, रडू. अकराव्या महिन्यात स्लाइडवर हलणारे शुक्राणू मी स्वतः पाहिले आणि मायक्रोस्कोपवरून डोकं उचलवेना. त्या दोन वर्षांत सुनेने जे ऐकून घेतलं ते मात्र कोणत्याच तपासणीत मोजता येत नाही. मूल होत नसेल तर पहिल्याच दिवशी दोघांची तपासणी करा. पुरुषाची सर्वांत सोपी आणि सर्वांत स्वस्त असते.

ज्यांचं टेस्टोस्टेरॉन खरोखर कमी आहे, दोनदा सिद्ध झालं आहे, लक्षणं आहेत, त्यांच्यासाठी हे औषध मोलाचं आहे; भीतीने नाकारू नका. पाच हजारांहून अधिक पुरुषांवरची एक मोठी चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात वाढले नाहीत, पण हृदयाचे ठोके अनियमित होणं आणि फुप्फुसात गुठळी जाणं यांचं प्रमाण थोडं जास्त दिसलं. म्हणून औषध चालू असताना हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण, ठरावीक अंतराने तपासावं लागतं. ते ५४ टक्क्यांवर गेलं की डोस थांबवतात. चाळिशीपुढे पीएसए ही प्रोस्टेट ग्रंथीची रक्ततपासणीही बघतात. मूल हवं असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, त्यांच्याकडे वेगळी औषधं आहेत. जेल लावत असाल तर हात धुवा, लावलेली जागा झाकून ठेवा आणि लहान मुलांना कडेवर घेताना जपा. मुलाच्या कातडीला ते लागत राहिलं तर त्याच्यात अवेळी वयात आल्याची चिन्हं दिसू लागतात.

बायकांसाठी दोन वाक्यं. पाळी अनियमित, हनुवटीवर राठ केस, पुटकुळ्या असतील तर टेस्टोस्टेरॉन वाढलेलं असू शकतं, पीसीओएस या बीजकोशांशी संबंधित विकारात ते बहुधा असतं; स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा आणि झोप, कंबर, व्यायाम या वरच्याच पायऱ्या धरा. नवऱ्याचं जेल किंवा इंजेक्शन मात्र कधीच वापरू नका, जाड झालेला आवाज पुन्हा पहिल्यासारखा होत नाही.

तीन महिन्यांनी

झोप, टेप, व्यायाम, ताट, एवढं तीन महिने प्रामाणिकपणे केल्यावर पुन्हा तपासा. येताना जुना रिपोर्ट, औषधांची चिठ्ठी आणि कमरेचं आधीचं माप सोबत आणा. आदल्या रात्री वेळेवर झोपा. सकाळी आठला या. पोहे घरी झाकून ठेवा, रक्त दिल्यावर खा.